ग्राफिक्स कार्डाचा पंखा बदलणे

संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावरचा (पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या कार्डावरचा) बिघडलेला पंखा उतरवून त्याच मापाचा नवा बसवण्याचे दुरुस्तीकाम. काम तासाभराचे असते आणि पंखा कार्डाच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त पडतो. तरीही ‘कार्ड गेले’ असे ठरवून चांगली कार्डे भंगारात टाकली जातात. सांगली-मिरजेत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, घरांचे थ्रीडी आराखडे काढणारे आणि विश्रामबागेत खोली घेऊन राहणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी बरेचदा जुनीच कार्डे वापरतात. त्यामुळे या कामाची माहिती इथे उपयोगाची आहे.

कार्डाच्या चिपची उष्णता तांब्याच्या नळ्यांतून हीटसिंकच्या, म्हणजे चिपवर बसवलेल्या उष्णता शोषणाऱ्या धातूच्या भागाच्या, ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांत पसरते. पंखा त्या पट्ट्यांमधून हवा लोटतो आणि उष्णता बाहेर जाते. १९९९ मध्ये आलेल्या जीफोर्स २५६ या कार्डावर एक छोटा पंखा पुरत असे. आता दोन-तीन पंखे सर्रास असतात. पंखा १२ व्होल्टवर चालतो. त्याला बहुधा चार तारा असतात: वीजपुरवठ्याच्या दोन, फेऱ्यांची संख्या कार्डाला कळवणारी एक आणि वेग ठरवणारी एक.

हीटसिंक चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. चिप आणि खोली यांच्या तापमानातला फरक तो आटोक्यात ठेवतो, एवढेच. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालणारे कार्ड मे महिन्यात, सांगलीचा पारा चाळिशीला टेकला की, तेवढ्याच कामाला ८५ च्या आसपास जाते. एनव्हिडिया या कंपनीची अनेक कार्डे ८३ अंशांच्या सुमारास आपला वेग स्वतःच कमी करू लागतात. हिवाळ्यात निभावून गेलेला मंद पंखा उन्हाळ्यात उघडा पडतो तो यामुळे.

पंखा बिघडतो तो बहुतेक वेळा बेअरिंगमुळे, म्हणजे त्याचा आस ज्यात फिरतो त्या भागामुळे. स्वस्त पंख्यांतल्या स्लीव्ह बेअरिंगमधले (साध्या नळीसारख्या बेअरिंगमधले) तेल उष्णतेने सुकते, आस घासू लागतो आणि घरघर सुरू होते. त्यात धूळ मिसळली की काम लवकर बिघडते. मार्केट यार्डाजवळच्या एका हळदीच्या दुकानातले कार्ड प्रस्तुत लेखकाने उघडले, तेव्हा हीटसिंकवर पिवळट साय धरली होती आणि पंख्याच्या बुडाशी तेल व हळद यांचा घट्ट लगदा झाला होता. ब्लोअरने तो निघाला नाही, ब्रशने खरवडावा लागला. अशा ठिकाणी दर दोन-तीन महिन्यांनी सफाई हवी. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत. हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते.

घरघरणाऱ्या पंख्यात शिलाई मशीनचे तेल सोडण्याची पद्धत जुनी आहे. एक-दोन थेंबांनी काही आठवडे निभतात, नवा पंखा येईपर्यंत एवढे पुष्कळ. खोबरेल तेल मात्र कधीही घालू नये. डिसेंबरच्या सकाळी बाटलीत जे थिजते, ते बेअरिंगमध्येही थिजते. २०१९ च्या महापुरासारख्या पुराचा गाळ आत गेलेला पंखा तर तेल न घालता सरळ बदलावा.

बिघाड आधी कानाला कळतो. मिरजेचा कारागीर सतारीची जवारी कानाने जुळवतो. बेअरिंगची खरखरही तशीच ऐकून ओळखता येते. संगणक बंद असताना पाते बोटाने हलके ढकलावे. चांगला पंखा थोडा फिरून सावकाश थांबतो, बिघडलेला लगेच अडतो. पण एक चूक फार होते. बऱ्याच कार्डांचे पंखे चिप गार असताना मुद्दामच बंद राहतात. म्हणून गेम किंवा रेंडर (व्हिडिओ वा थ्रीडी चित्र तयार करण्याचे काम) चालवून, तापमान ६०-६५ च्या वर गेल्यावरच पंखा ‘मेला’ असे म्हणावे. दोन पंख्यांचे प्लग वेगवेगळे असतील तर ते अदलाबदल करून पाहावेत. दोष पंख्याबरोबर सरकला तर पंखा गेला; जागेवरच राहिला तर दोष कार्डात आहे आणि नव्या पंख्याचा काही उपयोग नाही.

नवा पंखा निवडणे हेच यातले अवघड काम आहे. कार्डाच्या नावावरून पंखा मागवू नये. एकाच मॉडेलच्या कार्डांवर वेगवेगळे पंखे निघतात. पंख्याच्या मध्यभागी किंवा पाठीमागे स्टिकरवर त्याचा स्वतःचा क्रमांक आणि ॲम्पिअरचा आकडा असतो. तो टिपून घ्यावा. शिवाय पात्यांचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधले अंतर आणि फिरण्याची दिशा जुळली पाहिजे, कारण काही कार्डांवर शेजारचे पंखे उलटसुलट फिरतात. प्लगच्या पिनांमध्ये बहुधा २ मिलिमीटर अंतर असते, कॅबिनेटच्या पंख्याच्या प्लगमध्ये २.५४. त्यामुळे कॅबिनेटचा पंखा थेट बसत नाही. सांगलीत सुटा पंखा काउंटरवर क्वचितच मिळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो, आणि तेव्हा क्रमांक हाताशी असला की चुकीचा माल येत नाही.

वॉरंटी शिल्लक असेल तर कार्ड उघडू नये. नसेल तर एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबावे, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि मग स्लॉटची खिट्टी दाबून कार्ड काढावे. काही कार्डांत वरचे प्लास्टिक आवरण निघाले की पंखे मोकळे होतात. काहींत हीटसिंकच उचलावा लागतो. तेव्हा चिप आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावणे आलेच. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारे मऊ तुकडे) फाटले तर त्याच जाडीचे घ्यावेत. जाड पॅड घातला तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही. पंख्याचा प्लग तारा धरून ओढू नये. तारा हातात येतात आणि प्लग कार्डावरच्या सॉकेटमध्येच राहतो, किंवा सॉकेटच उखडते आणि काम सोल्डरिंगवर जाते. प्लगच्या दोन्ही कडांना नख लावून तो आळीपाळीने थोडा थोडा सैल करावा.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर अखंड आकडेमोड करून ते चलन कमावणे) बंद झाल्यावर महिनोन् महिने अहोरात्र चाललेली कार्डे जुन्या बाजारात आली. असे कार्ड घेताना पंखे झिजलेलेच असणार हे धरून भाव करावा.

पंखा बसवल्यावर कॅबिनेट उघडेच ठेवून पंधरा-वीस मिनिटे कार्डावर भार द्यावा, तापमान पाहावे आणि एखादी वायर पात्याला लागत नाही ना ते बघावे. जुन्या पंख्याचा क्रमांक कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा. शेजारचा पंखाही तेवढ्याच वयाचा असतो.