डॉल्फिनचं हसू आणि दुबईची सहल

उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगाव-भुसावळकडून दुबईला जाणारी कुटुंबं आता कमी नाहीत. परत आल्यावर पोरं मोबाइलवर हमखास दाखवतात तो डॉल्फिनचा शो. ‘बघा काका, कसा हसतोय!’

ते हसू नाहीच. त्याच्या जबड्याची ठेवणच तशी असते. आजारी असो, भुकेला असो, मरणाच्या दारात असो, चेहरा तोच. शोचा सगळा धंदा या गैरसमजावर चालतो.

डॉल्फिनला काय लागतं ते त्याच्या शरीराला विचारावं. डोक्यावरच्या नाकपुडीखाली तो टक-टक असे बारीक आवाज काढतो. कपाळातला चरबीचा गोळा ते एकवटून समोर सोडतो. आवाज माशावर आपटून परततो आणि खालच्या जबड्यातल्या चरबीतून आतल्या कानापर्यंत पोचतो. आपले कान सेकंदाला २० हजार कंपनांपाशी थकतात, बॉटलनोज जातीच्या डॉल्फिनचे दीड लाखाच्या आसपास जातात. गढूळ पाण्यात, वाळूत दडलेला मासासुद्धा त्याला असा सापडतो. केळीच्या मळ्यातल्या विहिरीत हाक मारली की फक्त आपलीच हाक परत येते. टाकीतल्या डॉल्फिनला जन्मभर त्याच चार भिंतींचं उत्तर मिळतं. मासाही मेलेला, बादलीतला, आणि बहुतेकदा कसरत केल्यावरच.

बरं, त्याला हे कळतही असणार. २००१ साली डायना रीस आणि लोरी मरिनो या संशोधकांनी डॉल्फिनच्या अंगावर खुणा केल्या, तर ते आरशासमोर वळून त्या खुणा न्याहाळू लागले. म्हणजे आरशातला तो आपणच, हे त्यांना उमगत होतं. प्रत्येकाची स्वतःची वेगळी शीळ असते, कळपातले त्यावरून एकमेकांना ओळखतात. अशा जिवाला कळपातून उचलायचं ते आपल्या अर्ध्या तासाच्या करमणुकीसाठी?

मे २०१३ मध्ये भारत सरकारने डॉल्फिनचे शो नाकारले. त्याआधी चेन्नईजवळ परदेशातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले होते. मग देशात जे नको म्हटलं, त्याचं तिकीट आपण परदेशात का काढावं? टाकीतच जन्मलेल्यांना समुद्रात सोडणं अवघड असतं, हे खरं. त्यांना सांभाळावंच लागेल. पण सांभाळण्यासाठी कसरती लागत नाहीत, नवी पिल्लं तर नाहीतच.

पोरांना डॉल्फिन दाखवायचाच असेल, तर दापोलीजवळचं मुरुड-कर्दे आहे, मालवणची तारकर्ली आहे. खान्देशातून लांब पडतं, पण दुबईइतकं नाही. नाववाल्याला मात्र सांगा, पाठलाग करू नको, लांबच इंजिन बंद कर. दिसला तर पाठीवरचा पर दिसेल, नाहीतर दिसणारही नाही. आणि दुबईला जायचंच असेल, तर बुकिंग करतानाच एजंटला डॉल्फिन शो वगळायला सांगा.