पार्श्वभूमी : पबजीवरची बंदी आणि आईच्या नावाचा ओटीपी

"सरकारने पबजीवर बंदी घातली होती ना, मग पोरं अजून खेळतात कशी?" पालकसभेत हा प्रश्न हमखास निघतो. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. बंदी आली होती, तिच्या बातम्या झाल्या होत्या आणि त्या दिवशी कित्येक आयांनी सुटकेचा निःश्वासही टाकला होता. घोळ आहे तो 'बंदी' या शब्दात. आपल्याकडे या एका शब्दाखाली निरनिराळ्या कायद्यांची निरनिराळी हत्यारं चालवली गेली. गेममधल्या हिंसेचं कारण देऊन घातलेली बंदी गुजरातमधल्या राजकोटसारख्या काही शहरांत जेमतेम दोन महिने होती. देशभर गाजलेल्या बंदीच्या पत्रकात मात्र हिंसेचा उल्लेख नव्हता आणि मुलांचाही नव्हता.

हिंसक गेमवरून वाद घालणारे आपण पहिले नाही. अमेरिकेत १९७६ मध्ये 'डेथ रेस' नावाच्या नाणं टाकून खेळायच्या गेमवरून गदारोळ झाला. त्यात पडद्यावर पळणाऱ्या काडीसारख्या आकृत्या गाडीखाली चिरडायच्या होत्या. १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' घराघरांत पोचला, त्यातलं रक्त आणि मुंडकं उपटण्याची दृश्यं पाहून तिथल्या सिनेटने सुनावणी लावली. सरकार कायदा करील या भीतीने उद्योगाने १९९४ मध्ये स्वतःच वयोगटाचे शिक्के सुरू केले. पुढे कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये अल्पवयीन मुलांना हिंसक गेम विकणाऱ्या दुकानदाराला दंड ठोठावणारा कायदा केला. तो जून २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. गेम हीसुद्धा अभिव्यक्ती आहे, असं न्यायालयाने मानलं. कायदा पालकांच्या मदतीसाठी आहे हा राज्याचा दावाही त्याने स्वीकारला नाही. पण हे म्हणताना त्याच्या हाताशी एक आधार होता. वयोगटाचे शिक्के दुकानात खरोखर पाळले जात होते, म्हणून न्यायालय निर्धास्तपणे निर्णय पालकांवर सोपवू शकलं. आपल्याकडची गोष्ट वाचताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

भारतात सिनेमाला १९५२ च्या कायद्याने प्रमाणपत्र लागतं. ओटीटीवरच्या मालिकांना २०२१ च्या नियमांनी वयोगटाचे शिक्के आले, तेरा वर्षांपुढच्या मजकुराला पालकांसाठी कुलूपही आलं. गेम या दोन्हींच्या मधल्या फटीत राहिले. दोन हजारच्या दशकात सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने 'काउंटर-स्ट्राइक' चालायचा, रस्त्यावर 'व्हाइस सिटी'ची नक्कल केलेली सीडी मिळायची. मोटारीतून माणसाला ओढून बाहेर काढायचं आणि गाडी पळवायची, हे आठवीतली मुलं सर्रास खेळत होती. तेव्हा ना सरकारने विचारलं, ना घरच्यांनी. संगणक घेतला तो अभ्यासासाठी, असा सगळ्यांचा समज होता.

विचारणा झाली ती २०१७ मध्ये, आणि तीही गेम नसलेल्या गोष्टीवरून. मुलांना आत्महत्येकडे ढकलतं असं म्हटलं जाणाऱ्या 'ब्लू व्हेल' या ऑनलाइन आव्हानाच्या नावाने देशभर घबराट पसरली. ऑगस्टमध्ये केंद्राने मोठ्या इंटरनेट कंपन्यांना पत्र पाठवून त्याचे दुवे काढून टाकायला सांगितलं. डाउनलोड करता येईल असं त्या नावाचं मूळ ॲप मुळात नव्हतंच. पुढे सरकारी समितीने तपासणी केली, तेव्हा एकाही मृत्यूचा संबंध त्याच्याशी सिद्ध झाला नाही. ही दुसरी बातमी पहिलीइतकी कुणापर्यंत पोचली नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या वादाला वळण इथेच लागलं. मूल गप्प झालं, बिथरलं, की आधी फोनमधला गेम शोधायचा आणि मग बंदी मागायची, ही सवय तेव्हापासूनची.

२०१८ मध्ये पबजीची मोबाइल आवृत्ती आली. स्वस्त डेटा आणि स्वस्त फोन यांच्या जोरावर ती वर्षभरात खेड्यापाड्यांत पोचली. शंभर जण विमानातून बेटावर उतरतात, हत्यारं गोळा करतात, एकमेकांना मारतात आणि शेवटी एक जण किंवा एक चमू उरतो. चौघांचा स्क्वॉड, कानात मित्रांचे आवाज. शाळा सुटल्यावर मैदानावर जमणारी टोळी फोनवर जमू लागली, हे त्याच्या वेडाचं मोठं कारण होतं आणि टीका करणाऱ्यांना ते फारसं दिसलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये परीक्षेवरच्या जाहीर कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन गेमची तक्रार केली, तेव्हा खुद्द पंतप्रधानांनी "पबजीवाला है क्या?" असं विचारलं आणि सभागृह हसलं. त्याच सुमारास एका शाळकरी मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. हा गेम हिंसेला उत्तेजन देतो, त्यावर बंदी आणा, अशी मागणी होती. न्यायालयाने स्वतः बंदी घातली नाही. गेम तपासा आणि आक्षेपार्ह आढळलं तर कारवाई करा, असं केंद्राच्या संबंधित खात्याला सांगितलं. मार्चमध्ये हिंगोलीत दोन तरुण रुळांजवळ खेळण्यात गुंग असताना रेल्वेखाली सापडले, आणि मराठी वर्तमानपत्रांत पबजी रोजचा विषय झाला.

त्याच मार्चमध्ये राजकोटला पोलिसांनी जे केलं, ते तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली. मराठी माणसाला हे कलम जमावबंदी म्हणूनच ठाऊक आहे. दंगल होईल, मोर्चा बिथरेल, अशा तातडीच्या धोक्यासाठी ते असायचं. या गेममुळे मुलांत आणि तरुणांत हिंसक वृत्ती वाढते, अभ्यासावर परिणाम होतो, असं कारण देऊन ३० एप्रिलपर्यंत पबजी खेळायलाच मनाई झाली. आठवड्याभरात काही विद्यार्थ्यांना अटक झाली. चहाच्या टपरीवर फोनमध्ये डोकं खुपसून बसलेल्या कॉलेजच्या पोरांवर गुन्हे दाखल झाले आणि ती जामिनावर सुटली. गेम बनवणाऱ्यांना काही झालं नाही, प्ले स्टोअरसारख्या ॲपच्या दुकानात तो होता तसाच होता. गुन्हेगार ठरला तो खेळणारा. मला हा निर्णय तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. ज्या मुलांना जपायचं म्हणून आदेश काढला, त्याच वयाच्या पोरांना त्याने पोलीस ठाण्यात बसवलं.

आदेशातल्या 'हिंसक वृत्ती' या शब्दांकडेही जरा पाहायला हवं. संशोधनात आक्रमकता आणि हिंसाचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिडचिड, आरडाओरडा, दुसऱ्याला ढकलणं यांच्याशी हिंसक गेमचा छोटा पण ठरावीक संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. खून, मारामाऱ्या यांच्याशी तो जोडण्याइतका पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळण्याच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली, ती खेळण्यावरचा ताबा सुटणं या लक्षणासाठी. पडद्यावर किती रक्त दिसतं, याचा तिथे संबंध नाही. म्हणजे शेतीविषयक गेम रात्री तीनपर्यंत खेळणारं मूलही त्यात बसू शकतं. आपल्याकडे हिंसा, व्यसन, अभ्यासाचं नुकसान आणि पैशाची उधळपट्टी या चारही तक्रारी 'पबजी' या एकाच नावाखाली गेल्या.

आता देशभरातली बंदी. तारीख २ सप्टेंबर २०२०. जूनमध्ये गलवानची चकमक झाली होती, महिनाअखेरीला ५९ चिनी ॲप अडवली गेली होती. सप्टेंबरच्या यादीत ११८ ॲप आली आणि त्यांत पबजी मोबाइल होता. गेमचं मूळ कोरियाचं, पण त्याची मोबाइल आवृत्ती भारतात चालवत होती एक चिनी कंपनी. कायदा होता माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६९अ. या कलमाखाली काही अडवायचं तर कारणं ठरलेली आहेत : देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित गुन्ह्यांना चिथावणी. बालकांचं हित या यादीत नाही. सभ्यता नाही, नीतिमत्ता नाही. मुलांसाठी गेम वाईट आहे असं सरकारला कितीही वाटलं, तरी या कलमाने तो तेवढ्यासाठी अडवता येत नाही.

या बंदीत खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कारवाई होते ती आदेश न पाळणाऱ्या कंपनीवर. म्हणूनच दुकानातून गेम गेला, तरी ज्यांच्या फोनवर तो आधीच होता त्यांचा खेळ चालू राहिला, थेट ३० ऑक्टोबरला कंपनीने भारतातला सर्व्हर बंद करेपर्यंत. त्यानंतर काहींनी कोरियन आवृत्ती उतरवून घेतली, काही 'फ्री फायर'कडे वळले. तो फेब्रुवारी २०२२ मध्ये याच कलमाखाली अडवला गेला, पण त्याचीच 'मॅक्स' आवृत्ती दुकानात राहिली. तीच हत्यारं, तीच गोळी, तोच शेवटी उरणारा एक. हिंसा हा निकष असता, तर एक आत आणि एक बाहेर हे शक्यच नव्हतं. शिवाय २००९ च्या नियमांनुसार ६९अ खालच्या आदेशांबाबत गुप्तता पाळली जाते. पालकाला बातमी कळते, कारण कळत नाही. मग प्रत्येक घर आपापलं कारण त्यात भरतं.

आणि तो काळही तसाच होता. शाळा मार्चपासून बंद, वर्ग फोनवर, घरात फोन एकच. सकाळी गणिताचा तास, दुपारी त्याच पडद्यावर पॅराशूट. फोन हातातून काढून घ्यावा तर शाळा बुडते. वर्षभरापूर्वी 'मुलांना फोन देऊच नका' असं सांगणाऱ्यांनीच आता फोन द्यायला लावला होता. त्या महिन्यांत पालकांवर केवढं ओझं पडलं, याची नोंद कोणत्याही सरकारी कागदात सापडणार नाही.

२ जुलै २०२१ ला हाच गेम 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परत आला. कोरियन कंपनीने चिनी भागीदाराकडून हक्क आधीच काढून घेतले होते. या आवृत्तीत लाल रक्त हिरवं झालं. 'किल'च्या जागी 'फिनिश' आलं. ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये 'कार्मागेडन' या गेमला प्रमाणपत्र नाकारल्यावर माणसांची भुतं करून त्यांचं रक्त हिरवं केलं होतं, त्याच जातीचा हा तोडगा. अठराखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची आणि सात हजार रुपये खर्चाची मर्यादा आली. सात हजार, एका दिवसाला! ज्या घरांत हा गेम खेळला जात होता, त्यांतल्या कित्येकांचा महिन्याचा किराणा त्याहून कमी होता. आणि पालकाच्या क्रमांकावर ओटीपी आला.

तो ओटीपी मी साताऱ्याला ताईच्या घरी पाहिला. भाचा सातवीत. ताई पोळ्या लाटत होती, हात पिठाचे. तिचाच फोन त्याच्या हातात. पडद्याच्या वरच्या कडेवरून सहा आकडे घसरले, त्याने ते वाचून खालच्या चौकटीत टाकले आणि संमती पूर्ण झाली. "अरे, हा आईला विचारायचा असतो," मी म्हणालो. "मामा, याच फोनवर येतो तो," तो म्हणाला, अगदी सरळपणे. लबाडी त्याच्या मनात नव्हती. वर्षभर शाळेचे, गॅसचे, बँकेचे ओटीपी त्यानेच आईला वाचून दाखवले होते. कंपनीच्या नोंदीत मात्र त्या दिवशी एका जबाबदार पालकाने परवानगी दिली, असंच लिहिलं गेलं असणार.

२८ जुलै २०२२ ला हा गेमही दुकानातून उतरवला गेला, पुन्हा सरकारी आदेशाने आणि पुन्हा जाहीर कारणाविना. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर त्याला परवानगी मिळाली. तो आजही चालू आहे.

दरम्यान एक गोष्ट घडता घडता राहिली आणि मला सगळ्यांत जास्त खंत तिचीच वाटते. ६ एप्रिल २०२३ ला माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली. तिचा रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर होता. पण गेम तपासण्यासाठी ज्या स्वयंनियमन संस्था नेमायच्या होत्या, त्यांच्या चौकटीत पालकांच्या हाती नियंत्रण देण्याचे उपाय आणि मजकूर पाहून गेमला वयोगटाचा शिक्का देण्याची पद्धत, हे दोन्ही लिहिलेलं होतं. सिनेमाला १९५२ पासून असलेली सोय गेमसाठी पहिल्यांदा सरकारी नियमात आली होती. त्या संस्था कधी नेमल्याच गेल्या नाहीत. कोणाला नेमायचं आणि उद्योगाने स्वतःच स्वतःला तपासायचं का, यावर घोडं अडलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा स्वतंत्र कायदा दोन दिवसांत संमत केला. बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या गेमवर. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता मिळाली, म्हणजे बंदुका चालवायच्या गेमच्या स्पर्धांना प्रतिष्ठेचा रस्ता मोकळा झाला. मजकुरातल्या हिंसेचा प्रश्न पुन्हा कडेला राहिला. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे. त्यांत अठराखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती लागेल, असं म्हटलं आहे. अंमलबजावणीला दीड वर्षाची मुदत आहे. पडताळणी कशी करायची, यावर कंपन्यांचा विचार चालू आहे.

तोवर पालकाजवळ आहे तो प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली बारीक अक्षरात दिसणारा वयाचा आकडा. गेम बनवणाऱ्याने स्वतः प्रश्नावली भरायची आणि तिच्या उत्तरांवरून तो निघायचा, अशी त्याची रीत आहे. ताईला मी तो दाखवला, तेव्हा तिने चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "हे कुणी ठरवलं?"