स्पॅनिश ग्रामीण जलसंज्ञांचे इंग्रजी भाषांतर

स्पॅनिश ग्रामीण जलसंज्ञांचे इंग्रजी भाषांतर : स्पेन, मेक्सिको व अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग येथील शेतपाण्याचे स्पॅनिश शब्द इंग्रजीत नेताना उद्भवणारा भाषिक व कायदेशीर प्रश्न. जुने जमीनदान, पाणीहक्काचे दावे आणि नकाशे यांत तो विशेष जाणवतो. त्यांतील अनेक शब्द अरबीतून आलेले आहेत. त्यांचा अर्थ मुलखागणिक बदलतो आणि त्यांतले काही शब्द बांधकामाइतकेच माणसांमधील करारालाही नाव देतात. भाषांतरात हा करारच आधी गळतो.

आसेकिया : अरबी ‘अस्-साकिया’पासून, धातू ‘पाणी पाजणे’ या अर्थाचा. इंग्रजीत रूढ प्रतिशब्द ‘डिच’. परंतु रस्त्याकडेचा चर आणि सांडपाण्याचा नाला यांनाही इंग्रजीत डिचच म्हणतात. ‘कनाल’ म्हटले तर सरकारी कालवा डोळ्यांपुढे येतो. मराठीत ही अडचण नाही. आपला ‘पाट’ जवळजवळ नेमका बसतो. ‘तांदा’ म्हणजे पाण्याची पाळी. पाणी वाटणारा ‘मायोर्दोमो’ हा खानदेशातील फड या सामूहिक सिंचनपद्धतीच्या पाटकऱ्याची व हवालदाराची आठवण करून देतो. त्याला इंग्रजीत ‘डिच बॉस’ म्हणतात. त्यात मुकादमी येते, पण हिस्सेदारांनी निवडून दिल्याची खूण राहत नाही.

या व्यवस्थेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराचे, पाटपाण्याचे तंटे सोडवणारे जलन्यायालय दर गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास कॅथीड्रलच्या प्रेषितद्वारापाशी बसते. २००९ मध्ये युनेस्कोने मुर्सियाच्या अशाच मंडळासह त्याचा अमूर्त वारसा यादीत समावेश केला. परंपरा त्याची स्थापना इ. स. ९६० मध्ये धरते व १९६० मध्ये सहस्राब्दीही साजरी झाली. मात्र या वर्षाला समकालीन लेखी आधार दाखवता येत नाही. काही अभ्यासक कालव्यांचे मूळ रोमन काळात शोधतात. १२३८ मध्ये शहर जिंकल्यावर आरागॉनचा राजा पहिला जॉमे याने पाणी ‘सारासेनांच्या (मुस्लिमांच्या) काळी होते तसेच’ वाटावे असे ठरवले. म्हणून वाटपाची रीत व शब्दसंग्रह मुस्लिम काळातील, पाटांचे काही मार्ग कदाचित त्याहून जुने, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

न्यू मेक्सिकोत स्पॅनिश मोहीमप्रमुख ओन्याते याच्या वसाहतकारांनी ऑगस्ट १५९८ मध्ये पुएब्लो या मूळ रहिवाशांच्या श्रमावर पहिला पाट खणायला घेतला. या रहिवाशांची सिंचनविद्या त्याआधीची आहे. मेक्सिको व अमेरिका यांच्यातील १८४८ च्या तहानंतर हा मुलूख अमेरिकेकडे गेला. १८५१-५२ च्या प्रादेशिक कायद्यांनी जुने पाट कायम केले, तेव्हा इंग्रजी मसुद्यात ‘सार्वजनिक डिच किंवा आसेकिया’ अशी जोडी वापरली गेली. मसुदा करणाऱ्यांनी दोन्ही शब्द ठेवले, हे प्रस्तुत लेखकास सर्वांत शहाणे भाषांतर वाटते. शेजारच्या कोलोरॅडोत सॅन लुईस येथील १८५२ चा पाट मात्र ‘पीपल्स डिच’ या नावाने नोंदला आहे. तेथे गळलेला करार ‘पीपल्स’ या विशेषणाने परत आणला.

‘डिच’मधून काय सुटते ते वसंतातील साफसफाईत दिसते. प्रत्येक हिस्सेदार (पार्सियान्ते) फावड्यासह माणूस पाठवतो. मायोर्दोमो काठीने चारीची लांबी मोजत पुढे जातो, प्रत्येकाच्या वाट्याची खूण करतो; तो गाळ उपसून झाला की पुन्हा पुढचे माप. अशा एका वाट्याला ‘तारेआ’ म्हणतात. इंग्रजी ‘टास्क’ने श्रम कळतात, माप कळत नाही.

नोरिया (अरबी ‘नाऊरा’) म्हणजे स्पेनमध्ये रहाट. उत्तर मेक्सिकोत साधी खोदलेली विहीर. तेथील दस्तऐवजात ‘वॉटरव्हील’ लिहिणारा भाषांतरकार नसलेले चाक उभे करतो. अल्बेर्का (‘अल्-बिर्का’) हा आंदालुसियात शेताचा हौद, मेक्सिकोत पोहण्याचा तलाव. अल्हीबे हे पावसाच्या पाण्याचे टाके; आर्जेंटिनात कठडेवाली विहीर.

आर्रोयो : स्पेनमध्ये वाहता ओढा. न्यू मेक्सिकोत बहुतेक वर्ष कोरडे, एका सरीने भरून वाहणारे पात्र. इंग्रजीने शब्द याच अर्थाने उचलला. त्यामुळे स्पेनमधील आर्रोयो इंग्रजीत तसाच ठेवला तर वाचक वाळू पाहतो. रोमन लेखक प्लिनीने खाणकामाच्या संदर्भात दिलेल्या ‘आर्रुजिया’शी त्याचा संबंध सर्वसाधारणपणे मानला जातो. ओहो दे आग्वा, शब्दशः ‘पाण्याचा डोळा’, म्हणजे झरा. अरबी ‘ऐन’चेही डोळा व झरा हे दोन अर्थ आहेत, म्हणून स्पॅनिश प्रयोग अरबीची छाया की स्वतंत्र, हे निश्चित सांगता येत नाही.

तांके, एस्तांके : येथे प्रश्न मराठीपर्यंत पोहोचतो. इंग्रजी ‘टँक’ सतराव्या शतकाच्या आरंभी भारतातील तलावांसाठी वापरात आला. एक पक्ष त्याचे मूळ गुजराती-मराठी ‘टांके’त पाहतो, सह्याद्रीच्या किल्ल्यांवरील खोदीव टाक्यांमुळे तो आपल्याला सहज पटतो. दुसरा पक्ष पोर्तुगीज ‘तांके’ पुढे करतो. हा शब्द ‘अडवणे’ या अर्थाच्या ‘एस्तांकार’शी जोडला जातो. वास्को द गामाच्या सफरीच्या रोजनिशीत कालिकतच्या मंदिराजवळील दगडी तळ्याला ‘तांके’च म्हटले आहे, म्हणजे शब्द पोर्तुगीजांनी घरून आणला असावा. १८८६ च्या ‘हॉबसन-जॉबसन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने दुहेरी मूळ मानले. रूप पोर्तुगीज आणि भारतातील प्रसाराला देशी शब्दाचा टेकू, ही मांडणी पुराव्याशी अधिक जुळते. मात्र दोन्ही शब्दांचे दूरचे नाते सिद्ध होत नाही.

टेक्सासमध्ये मातीचा बांध घालून गुरांसाठी अडवलेल्या तळ्याला आजही ‘टँक’ म्हणतात. तेथील वाचकासाठी ‘तांके’चा तोच प्रतिशब्द चालतो; लंडनच्या वाचकासाठी ‘पाँड’ लिहावे लागते, नाहीतर तो लोखंडी टाकी शोधू लागेल.