उन्हाळ्यात येणारं दुसरं लाईट बिल: सुरक्षा ठेव, हप्ते आणि खात्यावरची जमा

एप्रिल-मे आला की महावितरणची दोन बिलं हातात पडतात. एक नेहमीचं, दुसरं अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं. मग पारावर एकच विषय: "हे दुसरं बिल कायचं पाठवलं बाप्पा?" आणि सल्लेही ठरलेले. एक म्हणतो भरू नको, काही होत नाही. दुसरा म्हणतो आजच भर, नाहीतर लाईन कापतील. पहिला सल्ला चुकीचा आहे, दुसरा अर्धाच खरा.

वीज कायदा 2003 च्या कलम 47 प्रमाणे कंपनीला ग्राहकाकडून ठेव मागता येते. नोटीस मिळाल्यावर 30 दिवसांत ती भरली नाही तर पुरवठा बंद करायचा अधिकारही तिला आहे. पण हा खर्च नाही, ठेव आहे. पैसा तुमच्याच नावावर राहतो, त्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराने व्याज मिळतं आणि ते व्याज वर्षातून एकदा बिलातून वजा होतं. शिवाय ही रक्कम एकदम भरायची सक्ती नाही. सहा समान मासिक हप्ते मिळतात, आणि हेच फारसं कोणी सांगत नाही.

रक्कम ठरते मागच्या वर्षाच्या वापरावरून. बिल दर महिन्याला येत असेल तर सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट ठेव लागते. समजा वर्षाची सरासरी महिना 900 रुपये निघाली, म्हणजे ठेव हवी 1,800. आधीची 1,100 जमा असेल तर मागणी 700 ची. सहा हप्ते केले तर महिन्याला साधारण 117 रुपये. आधी जमा असलेली ठेव नेहमीच्या बिलावर छापलेली असते. तो आकडा आणि मागणीपत्रात, म्हणजे त्या दुसऱ्या बिलात, दाखवलेला जमा ठेवीचा आकडा जुळतो का, हे पैसे भरण्याआधी बघा. मागच्या वर्षी भरलेली ठेव जमेत धरलेली नसेल तर पावती घेऊन शाखा कार्यालय गाठा.

हप्त्यासाठी साध्या कागदावर अर्ज चालतो. त्यात ग्राहक क्रमांक (बारा अंकी), नाव, गाव, मागणीची रक्कम आणि किती हप्ते हवे ते लिहा. सोबत मागणीपत्र आणि ताज्या बिलाची झेरॉक्स जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचशिक्का घ्यायला विसरू नका. वायरमनला तोंडी सांगितलेल्या गोष्टीला पुढे कुठेच आधार नसतो.

ठेव दरवर्षी का वाढते? दर वाढतात हे एक, आणि आपला कूलर हे दुसरं. मोठा कूलर साधारण 200 वॅटचा. रोज दहा तास चालला तर दोन युनिट, महिन्याला साठ. एरवी सत्तर-ऐंशी युनिटवर राहणारं घर मे महिन्यात शंभराच्या पुढे जातं ते यामुळे. घरगुती दराचे टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे आहेत. "शंभरी ओलांडली की सगळेच युनिट महाग" ही गावोगाव चालणारी समजूत खरी नाही. 130 युनिट झाले तर महागडा दर वरच्या तीसलाच लागतो. मात्र तो पहिल्या टप्प्यापेक्षा बराच चढा असल्याने बिल एकदम उडी मारतं. ज्यांच्याकडे नवे टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारे) लागले आहेत, त्यांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर सवलत आहे. घरच्या बोअरची मोटर त्या वेळेत चालवलेली बरी.

बिलावर चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी 'लॉक' किंवा 'फॉल्टी' असं काही दिसलं तर ते बिल सरासरीचं समजा. मीटरचा फोटो काढून ठेवा, महावितरणच्या अॅपवरून रीडिंग स्वतः पाठवता येतं. मीटर बंदच पडला असेल तर सरासरीची आकारणी जास्तीत जास्त तीन महिन्यांचीच होऊ शकते. वर्षभराची सरासरी लावून आली तर लेखी हरकत घ्या.

आपल्याकडची खरी अडचण निराळीच आहे: मीटर अजून आबाजीच्या नावावर. बिल भरलं जातं तोवर कोणाला फरक पडत नाही. ठेव परत घ्यायची किंवा छतावर सोलर बसवायचा म्हटलं की नाव आडवं येतं. नावबदलासाठी मृत्यू दाखला, तुमचं आधार, ताजं बिल आणि घर तुमच्याकडे आल्याचा पुरावा लागतो. गावात तो म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा. म्हणून आधी ग्रामपंचायतीत घर नावावर करून घ्या, मग महावितरणकडे जा. भाऊ-बहिणी असतील तर त्यांचं संमतीपत्रही सोबत ठेवा. जुनी थकबाकी वारसाकडे येते, ती आधी मिटवावी लागते. जुनी ठेवही नव्या नावावर वळवावी, असं अर्जातच लिहा.

आगाऊ भरण्याचं थोडं. कापूस-सोयाबीन विकल्यावर हातात पैसा असतो, मे-जूनमध्ये बी-बियाण्याच्या खर्चात तो नसतो. दिवाळीनंतर बिलापेक्षा जास्त रक्कम भरून ठेवली तर ती खात्यावर जमा राहते आणि पुढच्या बिलांतून वळती होत जाते. देय रकमेपुढे वजाचं चिन्ह असलं तर घाबरू नका, ते तुमचे पैसे आहेत. पण ही जमा म्हणजे सुरक्षा ठेव नव्हे. दोन्ही खाती वेगळी.

मोबाईलच्या दुकानातून भरताना ग्राहक क्रमांकाचा एक अंक चुकला की पैसे दुसऱ्याच्याच खात्यावर जातात. पडद्यावर नाव दिसतं, ते वाचूनच पुढे जाऊ द्या. चूक झालीच तर पावती आणि दोन्ही क्रमांक घेऊन लवकर अर्ज करा. समोरच्याची जमा त्याच्या बिलात संपून गेली की काम अवघड होतं.

थकबाकीसाठी लाईन कापायची तर वीज कायद्याच्याच कलम 56 प्रमाणे आधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रकमेवर वाद असेल तर हरकत नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी जी कमी ती भरली की वाद मिटेपर्यंत वीज कापता येत नाही. तक्रार आधी 1912 वर किंवा उपविभागात. तिथे काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. विदर्भातल्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, लोकपालांचं कार्यालय नागपुरातही आहे.

पोरं पुण्याला गेली, घराला कायमचं कुलूप लागलं, तर मीटर तसाच ठेवून दर महिन्याचा स्थिर आकार भरत बसू नका. वीजपुरवठा कायमस्वरूपी बंद करण्याचा अर्ज द्या. शेवटचं बिल वळतं करून उरलेली ठेव परत मिळते. त्यासाठी बँक पासबुकाची किंवा रद्द केलेल्या धनादेशाची प्रत द्यावी लागते. ठेवीची मूळ पावती हरवली असेल तर हमीपत्र द्यायची तयारी ठेवा.