आयओडी म्हणजे ‘भारतीय निनो’ नव्हे

हवामान खात्याचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये जाहीर झाला की एल निनो आणि आयओडी (हिंदी महासागर द्विध्रुव) ही दोन नावे एका दमात घेतली जातात, आणि दुसऱ्याला ‘भारतीय निनो’ म्हणून मोकळे होण्याची घाई सर्वांनाच असते. या नावाइतका घोळ दुसऱ्या कशानेही घातलेला नाही.

एल निनो बहुतेकांना ठाऊक आहे. विषुववृत्तालगतचा मध्य व पूर्व प्रशांत महासागर कित्येक महिने सरासरीहून किमान अर्धा अंश अधिक उष्ण राहतो, पावसाळी ढगांचा पट्टा पूर्वेकडे सरकतो आणि भारतावर हवा खाली उतरू लागल्याने पाऊस रोडावतो. २००९ च्या पावसाळ्यात देशभरात २२ टक्के तूट पडली, ती अशाच वर्षी.

घोटाळा होतो तो आयओडीपाशी, म्हणजे हिंदी महासागर द्विध्रुवापाशी. ‘समुद्र तापला, म्हणजे द्विध्रुव धन’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचले आहे की आता ते दिसले की पुढचा मजकूर वाचण्याचे मी टाळतो. एल निनो एका पट्ट्याच्या तापमानावरून ठरतो, तर द्विध्रुव दोन टोकांमधील फरकावरून: एक टोक आफ्रिकेच्या बाजूचा पश्चिम हिंदी महासागर आणि दुसरे सुमात्रालगतचा आग्नेय भाग. हा फरकही थर्मामीटरवरील आकड्यांचा नसून, प्रत्येक टोक स्वतःच्या सरासरीपासून किती ढळले याचा असतो. कारण एरवी सुमात्रेकडचे पाणीच अधिक उष्ण असते. समजा, पश्चिम टोक सरासरीहून ०.८ अंश वर आहे आणि पूर्व टोक ०.६ अंश खाली, तर निर्देशांक, म्हणजे हाच फरक, अधिक १.४ येतो आणि द्विध्रुव धन ठरतो. दोन्ही टोके ०.८ अंशांनी तापली, तर तो शून्य. म्हणजे अख्खा महासागर तापूनही द्विध्रुव उदासीनच राहू शकतो, आणि प्रबळ एल निनो ओसरल्यानंतरच्या महिन्यांत हिंदी महासागर सर्वत्र तापतो तेव्हा नेमके हेच विसरले जाते.

धन अवस्थेत सुमात्रेकडील थंड पाण्यावर हवा खाली बसते आणि तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडून बंगालच्या उपसागराकडे बाष्प आणतात. १९९७ मध्ये एल निनो अतिप्रबळ असूनही देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला, त्याचे बरेचसे श्रेय अभ्यासक त्या वर्षीच्या धन द्विध्रुवाला देतात. मात्र ‘द्विध्रुव धन, आता चिंता नाही’ हेही मला मान्य नाही, कारण २०१५ मध्ये तो धन होता आणि तरीही १४ टक्के तूट राहिली.

बाकी फरक किरकोळ आहेत. वेळेचा तेवढा ध्यानात ठेवावा. एल निनोचा कळस साधारण डिसेंबरात येतो, पण त्याचा परिणाम जून-जुलैपासूनच जाणवू शकतो. द्विध्रुव मात्र सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये शिगेला पोहोचतो आणि वारे फिरताच विरतो, त्यामुळे खरिपाच्या पेरण्यांना त्याचा आधार मिळेलच असे नाही. २०१९ मध्ये द्विध्रुव अत्यंत प्रबळ झाला आणि हंगामाचा पाऊस ११० टक्क्यांवर गेला, पण त्याच वर्षी जून महिना ३३ टक्के तुटीत सरला होता.