सॉकेट.आयओ

ब्राउझर किंवा मोबाइल अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यात रिअल-टाइम, दोन्ही बाजूंनी संदेशांची ये-जा चालू ठेवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. अर्जेंटिनाचे प्रोग्रामर गिलेर्मो राउच यांनी ती २०१० मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा नोड.जेएसला (ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) जेमतेम वर्ष झाले होते. लायब्ररी मुक्त स्रोत असून एमआयटी परवान्याखाली मिळते. तिचे दोन भाग आहेत : नोड.जेएसवर चालणारा सर्व्हर आणि ब्राउझरमध्ये चालणारा क्लायंट. जावा, स्विफ्ट, सी प्लस प्लस, डार्ट आणि पायथन या भाषांसाठीही क्लायंट उपलब्ध आहेत. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी चॅट किंवा लाइव्ह ट्रॅकिंगचा विषय घेतला, की बहुतेकदा हिचीच गाठ पडते. जोडणी करणे सोपे असल्याने ती शिकायला एक संध्याकाळ पुरते. जोडणी तुटल्यावर काय होते, हे मात्र प्रोजेक्टच्या डेमोत दिसत नाही, आणि या लायब्ररीचे खरे काम तिथेच आहे.

एचटीटीपीमध्ये, म्हणजे वेबवरच्या विनंती-उत्तराच्या नियमांमध्ये, बोलायला सुरुवात नेहमी क्लायंटनेच करायची असते. खिडकीवर जाऊन विचारल्याशिवाय कारकून आपणहून काही सांगत नाही, तसा हा व्यवहार. समजा, कात्रज–शिवाजीनगर मार्गावरची पीएमपी बस आत्ता कुठे आहे, हे दाखवणारे अ‍ॅप बांधायचे आहे. मग अ‍ॅपने दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारत राहायचे, आणि बस स्वारगेटच्या चौकात अडकली असेल तर तेच उत्तर पुन्हा पुन्हा घ्यायचे. वेबसॉकेट या, दोन्ही बाजूंसाठी खुली राहणारी जोडणी देणाऱ्या पद्धतीने ही अडचण दूर केली. सुरुवातीची विनंती एचटीटीपीचीच असते. सर्व्हरने १०१ या सांकेतिक क्रमांकाने होकार दिला, की तीच टीसीपी जोडणी (इंटरनेटवरची दोन यंत्रांमधली मूळ जोडणी) दोघांना हवे तेव्हा बोलायला मोकळी होते. हे प्रमाणक डिसेंबर २०११ मध्ये, आरएफसी ६४५५ (इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजमालेतला क्रमांक) म्हणून, पक्के झाले. त्याआधी प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी होती. म्हणून सॉकेट.आयओच्या सुरुवातीच्या आवृत्त्या फ्लॅश, लपवलेली आयफ्रेम, लाँग पोलिंग (त्याबद्दल पुढे) असे मिळेल ते साधन वापरून काम भागवत. आज वेबसॉकेट सगळ्या प्रचलित ब्राउझरांत आहे. तरीही ही लायब्ररी टिकली आहे.

२०१४ च्या १.० आवृत्तीपासून वाहतुकीचे काम इंजिन.आयओ या वेगळ्या थराकडे आहे. काही बदल न केल्यास पहिली जोडणी लाँग पोलिंगने होते : क्लायंटची विनंती सर्व्हर लगेच परत न पाठवता, सांगण्यासारखे काही येईपर्यंत धरून ठेवतो. संवाद सुरू झाल्यावर मागच्या मागे वेबसॉकेटची चाचणी होते आणि ती जमली की जोडणी तिकडे वळते. एखाद्या कंपनीच्या प्रॉक्सीने, म्हणजे इंटरनेटची ये-जा जिथून होते त्या मधल्या सर्व्हरने, वेबसॉकेट अडवले, तरी वापरणाऱ्याला ते कळतही नाही. २०२३ च्या ४.७ आवृत्तीत वेबट्रान्सपोर्ट हा तिसरा मार्ग आला.

या दोन थरांमुळे प्रत्येक संदेशाला लायब्ररीचा स्वतःचा शिक्का लागतो. ‘बस’ नावाचा इव्हेंट (नाव दिलेला संदेश) वेबसॉकेटवरून पाठवला, तर तारेवर असे काहीसे जाते : ४२["बस","स्वारगेट"]. पहिला ४ (तारेवर हे आकडे इंग्रजी अंकांत असतात) म्हणजे इंजिन.आयओचा ‘संदेश’, पुढचा २ म्हणजे सॉकेट.आयओचा ‘इव्हेंट’. इव्हेंटचे नाव देवनागरीत दिले तरी चालते. वेबसॉकेटचा मजकूर यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीनेच जातो, आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागत असल्याने ‘पुणे’ हा शब्द १२ बाइटांचा होतो. या शिक्क्याचा अर्थ असाही, की साधा वेबसॉकेट क्लायंट सॉकेट.आयओच्या सर्व्हरशी बोलू शकत नाही, आणि सॉकेट.आयओचा क्लायंट साध्या वेबसॉकेट सर्व्हरशी जुळत नाही. या लायब्ररीला वेबसॉकेटचेच दुसरे नाव समजणाऱ्यांचा घोटाळा इथे होतो.

इव्हेंट पाठवायला ‘इमिट’ आणि ऐकायला ‘ऑन’, एवढ्यावर रोजचे बरेचसे काम निभते. पाठवताना सोबत एक फंक्शन दिले, तर समोरच्याकडून पोच मिळते. सर्व्हरवर क्लायंटांचे गट करता येतात, त्यांना रूम म्हणतात. कात्रज मार्गाची एक रूम केली, की त्या बसची जागा फक्त ती पाहणाऱ्यांनाच जाते. रूम ही सर्व्हरची आपली सोय आहे. आपण कोणत्या रूममध्ये आहोत, हे क्लायंटला ठाऊक नसते.

आता तुटण्याबद्दल. प्रवासी घराबाहेर पडला, फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला, की आयपी पत्ता बदलतो आणि जुनी टीसीपी जोडणी निकामी होते. मेट्रोच्या जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या २०२४ मध्ये सुरू झालेल्या भुयारी टप्प्यात फोनचे नेटवर्क मध्येच गेले, तर त्या वेळी सर्व्हरला कोणीही ‘मी चाललो’ असे सांगत नाही. त्याच्या लेखी तो प्रवासी अजून जोडलेलाच असतो. म्हणून सर्व्हर दर २५ सेकंदांनी पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) पाठवतो आणि उत्तरासाठी २० सेकंद थांबतो. म्हणजे माणूस गेला हे कळायला वाईटात वाईट ४५ सेकंद लागू शकतात. ‘ऑनलाइन’चा हिरवा ठिपका माणूस गेल्यावरही काही वेळ तसाच दिसतो, त्यामागे हेच गणित असते. दोन्ही आकडे बदलता येतात, पण फार कमी केले तर धिम्या नेटवर्कवरचे लोक उगाच बाहेर फेकले जातात.

तुटलेला क्लायंट आपणहून परत जोडायला बघतो. पहिला प्रयत्न अर्ध्या ते दीड सेकंदात, दुसरा १ ते ३ सेकंदांत, तिसरा २ ते ५ सेकंदांत, आणि पुढे जास्तीत जास्त ५ सेकंदांच्या अंतराने. हे अंतर मुद्दाम कमी-जास्त ठेवलेले आहे. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर हजारो फोन एकच अ‍ॅप उघडून बसले आहेत आणि सर्व्हर क्षणभर बंद पडला, असे समजा. सगळे फोन ठरावीक सेकंदाला परत धडकले, तर नुकताच उठलेला सर्व्हर पुन्हा झोपेल. सर्व्हर लांबला तर मात्र कमाल मर्यादा ५ सेकंदांची असल्यामुळे हा विखुरलेपणा चौथ्या-पाचव्या प्रयत्नापासून जवळजवळ संपतो. मोठी गर्दी अपेक्षित असेल, तर ही मर्यादा वाढवून ठेवावी. सर्व्हरने क्लायंटला स्वतःहून काढून टाकले असेल, तर मात्र क्लायंट आपोआप परत येत नाही.

जोडणी परत आली, पण मधल्या काळातल्या संदेशांचे काय? इथे दोन बाजूंचे वागणे सारखे नाही. क्लायंटने तुटलेल्या अवस्थेत इमिट केलेले इव्हेंट साठून राहतात आणि जोडणी येताच रवाना होतात. सर्व्हर तसे करत नाही. क्लायंट नसताना त्याच्यासाठी निघालेला इव्हेंट गेला तो गेलाच. लायब्ररी संदेशांचा क्रम सांभाळते, पण हमी ‘जास्तीत जास्त एकदा’ एवढीच देते. बसच्या जागेसाठी हे पुरेसे आहे, पुढची जागा काही सेकंदांत येणारच असते. पैशांचा व्यवहार, रुग्णालयातला निरोप किंवा मार्केट यार्डातला भाव यांच्यासाठी ते मुळीच पुरेसे नाही. तिथे संदेश डेटाबेसमध्ये क्रमांकासह ठेवावा, आणि परत आलेल्या क्लायंटने आपल्याकडचा शेवटचा क्रमांक सांगून पुढचे मागून घ्यावेत. २०२३ च्या ४.६ आवृत्तीत थोड्या वेळासाठी तुटलेली जोडणी तिच्या रूम आणि हुकलेल्या इव्हेंटांसह पूर्ववत करण्याची सोय आली, पण ती मुद्दाम चालू करावी लागते आणि दर वेळी यशस्वी होईलच असे नाही. एरवी जोडणी नवी झाली की सॉकेटचा (म्हणजे त्या एका जोडणीचा) आयडीही नवा होतो. तो वापरकर्त्याची ओळख म्हणून जपून ठेवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

एका सर्व्हरवर काम भागेनासे झाले, की दोन गोष्टी लागतात. रूमची यादी मुळात त्या-त्या सर्व्हरच्या मेमरीत असते, म्हणून एकीकडचा इव्हेंट दुसरीकडे पोचवायला रेडिस या मेमरीतल्या सामाईक डेटाबेसवर चालणाऱ्यासारखा अ‍ॅडॉप्टर (सर्व्हरांना जोडणारा दुवा) बसवावा लागतो. शिवाय लाँग पोलिंगच्या सगळ्या विनंत्या एकाच सर्व्हरकडे जायला हव्यात, नाहीतर ‘सेशन आयडी अनोळखी’ अशी तक्रार येते. ही वाटणी आयपी पत्त्यावरून केली, तर हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीचे सगळे कर्मचारी एकाच सार्वजनिक पत्त्यामागून येत असल्याने एकाच सर्व्हरवर लोटतात. कुकीवरून, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेवरून, केलेली वाटणी बरी.

तिसऱ्या आवृत्तीपासून (२०२०) दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला परवानगी स्पष्टपणे द्यावी लागते. टोकनची (वापरकर्त्याची ओळख पटवणाऱ्या खुणेची) तपासणी जोडणीच्या वेळीच, मिडलवेअरमध्ये, म्हणजे जोडणी स्वीकारण्याआधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये, करावी.

बसची जागा दाखवणारा फलक नुसता वाचायचाच असेल, प्रवाशाकडून उलट काही यायचे नसेल, तर सर्व्हर-सेंट इव्हेंट्स हा ब्राउझरमध्येच असलेला साधा मार्ग पुरतो. तोही तुटल्यावर आपणहून परत जोडतो आणि शेवटच्या इव्हेंटचा आयडी सोबत पाठवतो. बसमध्ये बसवलेल्या, बॅटरी आणि डेटा जपून वापरणाऱ्या छोट्या यंत्रासाठी एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल अधिक हलका पडतो.