रोखठोक गावाचा आडपडदा

कोल्हापूरची बोली रांगडी, तोंडावर बोलणारी, अशी तिची ख्याती आहे आणि कोल्हापूरकरांना ती मनापासून आवडते. पण याच गावातल्या वर्तमानपत्रांचा निधनवार्तेचा रकाना उघडला की तिथे कुणीच मरत नाही. कुणी कैलासवासी होतं, कुणी वैकुंठवासी; लिंगायत घरातला माणूस लिंगैक्य होतो, मुसलमान घरातला पैगंबरवासी, जैन मुनींचं समाधिमरण होतं. घरात ज्याला ‘राख सावडायला जायचंय’ म्हणतात त्याचं छापील नाव रक्षाविसर्जन. खेड्यात तर अंत्यविधीला जाऊन आलेला माणूस नुसतं ‘मातीला गेलो होतो’ एवढंच सांगतो, आणि ऐकणारा पुढचं विचारत नाही.

हा आडपडदा भीतीतून आलेला आहे. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवायचा असतो. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. रात्री शिवारात सापाचं नाव घ्यायचं नाही. तो लांबडं किंवा जनावर. जीव घेणाऱ्या आजाराला तर थेट देवी म्हटलं, आणि त्याची लस टोचणारा सरकारी माणूस झाला देवीचा डॉक्टर. पाळीबद्दल बोलताना कावळा शिवतो. ही सगळी लबाडी आहे असं मला वाटत नाही. नाव घेतलं की वस्तू ऐकते, अशी समजूत असलेल्या माणसांनी काढलेली ही पळवाट होती.

संस्कृत काव्यशास्त्राने हीच गोष्ट नियमात बसवली होती. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लील हा दोष तीन प्रकारचा सांगितला: लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगल सुचवणारा. आज अश्लील म्हटलं की आपल्याला पहिला प्रकारच आठवतो. मरण सुचवणारा शब्दही त्याच खात्यात पडत होता, हे विसरलं गेलं. आपल्या लावणीने पहिल्या प्रकारावर अख्खं दुकान मांडलं. शेत, विहीर, पाखरू, गाडी असं काहीही बोलायचं आणि अर्थ श्रोत्यावर सोडून द्यायचा. तो दोष ऐकणाऱ्याच्या मनात असतो, असं म्हणून शाहीर मोकळा.

या आडवळणाची दुसरी जात दरबारात आणि कचेरीत वाढली. तिच्यामागेही भीतीच, पण अमंगळाची नव्हे, जबाबदारीची. कोल्हापूरने ती एकोणिसाव्या शतकात फार जवळून पाहिली. १८७१ मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वयात येऊ लागले तसा सरकारी कागदांत त्यांच्या ‘प्रकृती’चा विषय वाढत गेला. प्रकृती बरी नाही, मन थाऱ्यावर नाही, देखरेख हवी. शेवटी त्यांना वेडं ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आलं. कैद हा शब्द कुणी वापरला नाही. ती व्यवस्था होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने मात्र हा आडपडदा ओढून काढला आणि कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर थेट आरोप केले. आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. २५ डिसेंबर १८८३ रोजी महाराज नगरला वारले. त्याआधी त्यांच्या देखरेखीवरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी त्यांची झटापट झाली होती. वय अवघं वीस. ‘देखरेख’ या शब्दात काय काय मावतं ते करवीरच्या रयतेला त्या दिवशी कळलं.

त्यांच्यामागून गादीवर आलेल्या शाहू महाराजांच्या कागदांची भाषा म्हणूनच मला वेगळी वाटते. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यात निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, आणि मागासलेले म्हणजे कोण हे संदिग्ध ठेवलं नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे, असं नावं घेऊन लिहिलं. आजचा एखादा मसुदाकार अशा ठिकाणी ‘काही विशिष्ट घटक’ लिहून निसटला असता. मार्च १९२० मध्ये माणगावला जी परिषद भरली, डॉ. आंबेडकर अध्यक्ष आणि महाराज स्वतः हजर, तिचं नावही ‘बहिष्कृत वर्ग’ परिषद. बहिष्कृत म्हटलं की बहिष्कार कुणी घातला हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

१९३२-३३ च्या सुमारास गांधीजींनी ‘हरिजन’ हा शब्द रूढ केला. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण देवाची माणसं म्हटल्यावर त्यांना विहिरीवरून कुणी हाकललं हे विचारायला जागा उरत नाही. १९३८ साली मुंबई विधानसभेत हा शब्द कायद्यात घालायचं ठरलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि तो डावलला गेल्यावर ते आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. ज्याच्यासाठी शब्द, त्याला विचारलंच नव्हतं. सौम्य शब्दांची माझी कसोटी हीच आहे: घरच्यांनी स्वतःच्या दुःखावर पांघरूण घातलं तर तो त्यांचा हक्क, दुसऱ्याच्या दुःखावर घातलं तर आधी हात कुणाचा ते बघावं.

देवाचं नाव पुढे करण्याचा सगळ्यात क्रूर वापर आपल्याच सीमाभागात झाला. केसात जट आली म्हणून मुलगी ‘यल्लम्माला सोडली’. यात बाप नाही, गावकरी नाही, पुढे तिला ठेवणारा नाही. सोडणारा कुणीच नाही, फक्त देवी. करवीर संस्थानाने १९२० मध्येच जोगतिणींच्या प्रथेविरुद्ध कायदा केला, मुंबई इलाख्याचा १९३४ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी त्या ‘सोडण्या’च्या आतलं जगणं त्याच बोलीत दाखवलं, आणि ते कायद्याच्या कलमांत कधी दिसलं नसतं.

स्वतंत्र महाराष्ट्राने तर शब्द नाहीसा करायला कायदाच केला. १९६३ मध्ये राज्यातल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द अधिकृतपणे काढला आणि दुष्काळाची टंचाई झाली. नऊच वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. लोकांनी त्याला दुष्काळच म्हटलं. पुढे ‘दुष्काळसदृश’ आलं, त्याच्या पाठोपाठ ‘पूरसदृश’.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, शाहूनगर अशी नावं देण्याचं ठरवलं. माझ्या कसोटीवर हा बदल उतरतो, कारण शाळेच्या अर्जावर तो पत्ता लिहिणाऱ्या पोराची मान त्याने वर राहते. मात्र पाटी बदलली म्हणून वस्तीच्या नळाला पाणी किती वाजता येतं हे बदलत नाही, आणि ते वेगळंच विचारावं लागतं.

पूरसदृश परिस्थितीचं कोल्हापुरात फारसं चालत नाही. पावसाळ्यात शहर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर जगतं: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा त्याच्या कितीतरी वर गेली. त्या दिवसांत शाहूपुरीत किंवा दुधाळीत फोन करणारा पाहुणा परिस्थिती विचारत नव्हता, ‘किती फूट?’ एवढंच विचारत होता.